शकुंतलेचें एंजिन आणि जीर्णोद्धाराचा हिशेब

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा वृत्तान्त यावा, ख्रिस्तमंदिराच्या पायाभरणीपासूनची हकीकत यावी, दिवंगत धर्मगुरूंचें पुण्यस्मरण व्हावें, हें सर्व यथायोग्यच आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक अधिकारी लेखकांनीं ह्याच पुस्तिकेंत केलें आहे. आमच्या वांट्यास परिसराच्या इतिहासाचीं कांहीं पानें आलीं आहेत. तीं कोणत्या विषयास द्यावीं ह्याचा विचार करीत असतां एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्यानेंच विषय ठरवून दिला.

अमरावतीच्या जुन्या वस्तींतील एका वाड्याच्या मागील अंगास, पडक्या गोठ्यालगत, एक मोटारगाडी कित्येक वर्षें उभी आहे. घरच्या कर्त्या पुरुषाचे आजोबा कापसाचे व्यापारी. त्यांनीं ती चांगल्या वर्षीं घेतली आणि वाईट वर्षीं उभी करून ठेविली, अशी घरांतील आख्यायिका. परवां त्या घरच्या मुलानें आम्हांस मुद्दाम बोलावून नेलें आणि विचारलें, "काका, हिला पुन्हा उभी करावी कीं भंगारांत द्यावी?" आम्हीं ती पाहिली. कापडी टप केव्हांच चिंध्या होऊन गळून पडला होता. अंगाचा पत्रा खालून चाळणीसारखा झाला होता. पत्र्याआडचा लांकडी सांगाडा वाळवीनें पोखरला होता. समोरचे पितळी दिवे कोणी तरी काढून नेले होते, आणि चाकांपैकीं दोन आंसापर्यंत मातींत रुतलीं होतीं. सोबत आलेल्या वृद्ध मिस्त्रीनें बॉनेट उघडून आंत टॉर्च मारला, हात पुसले आणि आपल्या वऱ्हाडी बोलींत सांगितलें, "भाऊ, हे गाडी नाही राह्यली आता, हा नुसता ढाचा हाये. ब्लॉक तडकला. करतो म्हटलं तं होते. पण मंग पैसा मोजत बसू नोका." अंदाजानें त्यानें जी रक्कम सांगितली, तींत दोन नव्या गाड्या दारांत उभ्या राहिल्या असत्या.

त्या मुलास आम्हीं तेथल्या तेथें उत्तर दिलें नाहीं. परंतु घरीं परततांना मनांत आलें कीं, हाच प्रश्न, ह्याहून फार मोठ्या प्रमाणावर, आमच्या अमरावती व अकोला जिल्ह्यांपुढें गेलीं कित्येक वर्षें उभा आहे. तेथेंही एक दुर्मिळ, जुनें आणि झिजून गेलेलें वाहन आहे. तेथेंही कुटुंबाचा जिव्हाळा आहे, मिस्त्रीचा अंदाज आहे, आणि पैसा कोणाचा हा वाद आहे. त्या वाहनाचें नांव शकुंतला.

शकुंतलेचा जन्म समजावयाचा तर कापसापासून आरंभ केला पाहिजे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रान्त इंग्रजांकडे लावून दिला. १९०२ सालीं तो कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे गेला व पुढल्या वर्षीं मध्यप्रान्तास जोडला गेला. मध्यंतरीं अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या काळांत, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टि ह्या काळ्या जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा ह्या वाटेनें १८६७ सालीं नागपुरास पोंचला. परंतु मुख्य मार्ग मधून निघून गेला. उत्तरेकडील अचलपूर, जें एके काळीं इमादशाहीची राजधानी होतें आणि १९०५ पर्यंत एलिचपूर ह्या नांवानें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण होतें, तें बाजूस राहिलें. दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा, यवतमाळ हीं कापसाचीं गांवेंही तशींच दूर राहिलीं. तेथील माल बैलगाड्यांनीं यावयाचा. आणि वऱ्हाडची काळी माती पहिल्या पावसानंतर गाडीचें चाक कसें धरून ठेवते, हें येथल्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं.

मुंबईंतील किलिक निक्सन ही १८५७ सालीं स्थापन झालेली पेढी. तिनें १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ह्या नांवाची मंडळी उभारली, आणि १९१३ च्या सुमारास मूर्तिजापूर हें मध्य धरून दोन फांटे सुरू झाले. एक दर्यापूर, अंजनगांव, पथ्रोट ह्या मार्गानें अचलपुरास गेला, लांबी ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा ह्या मार्गानें यवतमाळास, लांबी ११३ किलोमीटर. ह्याच कंपनीचा तिसरा, ३५ किलोमीटरांचा तुकडा वर्धा जिल्ह्यांत पुलगांव ते आर्वी असा १९१७ सालीं झाला. त्याची कथा निराळी आहे. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर पांच फूट सहा इंच. ह्या फांट्यांवर तें अवघें दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर ठेवलें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज एंजिनियरानें १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे ह्याच मापावर बांधून दाखविली होती. हलके रूळ, हलके पूल, थोडी जमीन, थोडें भांडवल, असें त्या विद्येचें मर्म होतें. त्याची किंमत मात्र मूर्तिजापुरास चुकवावी लागे. तेथें कापसाच्या गांठी लहान वाघिणींतून उतरवून मोठ्या वाघिणींत भराव्या लागत, आणि तो सर्व भार हमालांच्या पाठीवर पडे.

गाडी चालविण्याचें काम आरंभापासून जी. आय. पी. रेल्वेकडे होतें, रूळ कंपनीचे, चाकें रेल्वेचीं. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं जी. आय. पी. रेल्वे मध्य रेल्वेंत विलीन झाली. तथापि हे फांटे सरकारी मालकीचे झाले नाहींत. करार मुदतीमागून मुदतीस पुढें चालत राहिला, आणि देशांतील मुख्य प्रवासी मार्ग राष्ट्राचे झाल्यावरही वऱ्हाडांतील ही एक वाट खाजगी कंपनीची राहिली. ह्यावरून "ब्रिटिशांना आजही भाडें जातें" अशी बातमी वर्तमानपत्रें दर दोनचार वर्षांनीं मोठ्या मथळ्यानें छापीत असतात. आमच्या मतें त्यांत चटका अधिक आणि विवेक थोडा आहे. कंपनी मुंबईची होती, आणि स्वतः किलिक निक्सनची पेढीही स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हातांत आली. वाद परकी सत्तेचा नसून, मालक एक व वापरणारा दुसरा अशा जुन्या घराचा होता. अशा घराची डागडुजी कोणीं करावी ह्याचें उत्तर कधींच मिळत नाहीं, आणि छप्पर गळत राहतें. शकुंतलेचें तसेंच झालें. रूळ झिजले, पुलांचीं कामें रेंगाळलीं, वेग ताशीं वीस किलोमीटरांच्या आंतबाहेर आला. पुढें पुढें स्टेशनें बिनमाणसांचीं झालीं आणि गार्डच तिकिटें देऊं लागला.

आतां त्या एंजिनाविषयीं. झेड. डी. वर्गाचें हें वाफेचें एंजिन १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलें गेलें, १९२३ सालीं ह्या मार्गावर कामास लागलें, आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं सेवेंतून निघालें; त्याच्या जागीं डिझेलचें एंजिन आलें. सत्तर वर्षांहून अधिक काळ हें यंत्र कपाशीच्या शेतांमधून ये-जा करीत राहिलें. वऱ्हाडचा कापूस ज्या मुलखांत जाई, त्याच मुलखांतून एंजिन यावें, ह्यांत त्या काळचा सगळा व्यापार दिसून येतो. कच्चा माल तिकडे जावा, यंत्र इकडे यावें, आणि दोहोंच्या मधला नफा मुंबईस व लंडनास पडावा, अशी ती रचना होती. तरीही अंजनगांवच्या किंवा कारंज्याच्या म्हाताऱ्या माणसास तें एंजिन परकें वाटलें नाहीं. गाडीस त्यांनीं शकुंतला असें घरच्या मुलीचें नांव दिलें. आणि वाटेंत ती थांबली तर खालीं उतरून सावलींत बसावें, पुन्हा निघाली कीं चालत्या गाडींत चढावें, असा तिचा आणि त्यांचा व्यवहार होता.

धर्मग्रामांतील वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रेल्वेच्या नोकरीमुळें गोव्याकडील व अन्य प्रान्तांतील पुष्कळ कॅथॉलिक कुटुंबें भुसावळ, बडनेरा ह्यांसारख्या जंक्शनच्या गांवीं येऊन स्थिर झालीं. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, गार्ड अशा हुद्द्यांवर त्यांनीं आयुष्यें वेंचलीं. ह्यास्तव वाफेच्या एंजिनाचा विचार हा आम्हांस सर्वथा परका नाहीं.

अशा एंजिनाचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें? रंग देऊन चौथऱ्यावर उभें करणें आणि पुन्हा धांवतें करणें, ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. आणि ह्या विषयावरील बहुतेक भाषणांत हें अंतर कोणी सांगत नाहीं. पहिल्या कामास गंज खरवडणें, भोंकें बुजविणें, रंग, आणि वर छप्पर एवढें पुरतें. ह्यांतील छप्पर सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच बहुधा विसरलें जातें. दुसऱ्या कामाचें मर्म बॉयलर. बॉयलरांतील पाण्याचा प्रत्येक थेंब मागें क्षार सोडून जातो; आमच्या पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्याचें पाणी ज्यांनीं एकदां चाखलें आहे, त्यांस तें पोलादास काय करील ह्याची कल्पना येईल. नळ्या आंतून भरत जातात, पत्रा पातळ होतो, तांब्याच्या भट्टीस चिरा पडतात, भट्टी व बाहेरचें कवच जोडणाऱ्या शेंकडों पोलादी काड्या एकामागून एक तुटतात. बाहेरून हें कांहींच दिसत नाहीं. म्हणून प्रथम नळ्या सर्व उपसून काढाव्या लागतात, मग पत्र्याची जाडी मोजावी लागते, नंतर थंड पाणी दाबानें भरून परीक्षा घ्यावी लागते, आणि ती उतरली तरच वाफ धरतां येते. चाकांच्या पोलादी धांवा, बेअरिंगांतील पांढरा धातु, सिलिंडरचीं भोंकें ह्यांचा खर्च त्याहून निराळा. शिवाय हें काम येणारे हात आतां थोडे उरले आहेत. १९९४ सालीं जो पंचविशींतील फिटर होता तो आज पन्नाशी ओलांडून गेला आहे.

जुन्या मोटारींचा हिशेबही ह्याच जातीचा आहे, फक्त आंकडे लहान. त्या काळच्या कित्येक गाड्यांचें अंग लांकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेलें असे. सुतार, लोहार, चांभार, कासार असे चार कारागीर एकत्र आणल्याशिवाय ती उभी राहत नाहीं, आणि सुटा भाग विकत मिळत नसल्यानें प्रत्येक भाग घडवावा लागतो. म्हणून सामान्यतः असें होतें कीं, जीर्णोद्धारास लागलेला पैसा गाडी विकून परत येत नाहीं. अपवाद अतिदुर्मिळ गाड्यांचा. २०१५ सालीं पॅरिस येथें, फ्रान्सच्या पश्चिम भागांतील एका शेतावरच्या पडवींत कित्येक दशकें धूळ खात पडलेला सुमारें साठ गाड्यांचा संग्रह लिलावांत निघाला. त्यांतील एक फेरारी एक कोटी साठ लक्ष युरोंहून अधिक किंमतीस गेली. अशा बातम्या वाचून आपल्या गोठ्यांतील गाडीकडे आशेनें पाहणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, तशी गाडी जगांत मोजकीच बनली होती. वाड्यांतील गाडीच्या हजारों बहिणी रस्त्यावर होत्या.

ह्याहून आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट स्वित्झर्लंडची आहे. तेथें अस्कोना गांवाजवळ माजोरे सरोवरांत १९२५ सालची एक बुगाटी गाडी जकात न भरल्यामुळें बुडविण्यांत आली होती. सुमारें पन्नास मीटर खोलीवर ती कित्येक दशकें पडून राहिली. २००९ सालीं स्थानिक पाणबुड्यांनीं ती वर काढली. कारण असें कीं, त्यांच्यांतील एका कुटुंबाचा तरुण मुलगा कांहीं गुंडांच्या मारहाणींत मृत्यु पावला होता, आणि तरुणांतील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या त्याच्या नांवाच्या निधीस पैसा हवा होता. जानेवारी २०१० मध्यें ती गाडी पॅरिसच्या लिलावांत २,६०,५०० युरोंस विकली गेली. घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकानें तिचा जीर्णोद्धार केलाच नाहीं. एक बाजू गंजून नाहींशी झालेली, तशाच स्थितींत त्यानें ती आपल्या संग्रहालयांत ठेविली. नवी करून टाकली असती तर ती हजारांतील एक बुगाटी झाली असती. जशी आहे तशी ती जगांत एकच आहे.

हा मुद्दा नवा नाहीं. इंग्लंडांत विल्यम मॉरिस ह्यानें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ मंडळ स्थापिलें, तें जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं चाललेली मोडतोड थांबविण्यासाठींच. जुन्या वाहनांच्या जागतिक संघानें २०१२ सालीं ट्यूरिनची म्हणून जी सनद मान्य केली, तिचें सारही असेंच कीं, आधीं आहे तें राखावें. बदलावयाचें तें कमींत कमी, आणि बदललें काय तें लिहून ठेवावें. आपल्याकडे मात्र जीर्णोद्धार ह्या शब्दाचा अर्थ लोक निराळा घेतात. वऱ्हाडांतील कित्येक हेमाडपंती देवळांच्या कोरीव खांबांवर ऑइलपेंटचे थर चढलेले आहेत. आणि सत्य सांगावयाचें तर आमच्या ख्रिस्ती लोकांतही जुनी सागवानी वेदी काढून तेथें चकचकीत फरशी बसविली कीं मंदिर सुधारलें असें मानण्याची रीति कोठें कोठें आहे. प्लूटार्कनें सांगितलेली थेसियसच्या जहाजाची शंका, कीं सर्व फळ्या बदलल्यावर जहाज तेंच राहिलें काय, ती अशा वेळीं पुस्तकी वाटत नाहीं.

तथापि यंत्राच्या बाबतींत उलट बाजूही तितकीच खरी आहे. देऊळ उभें असलें कीं पुरे. एंजिन उभें असलें तर तें एंजिनाचें अर्धेंच अस्तित्व होय. आपल्या देशांतील फेअरी क्वीन हें १८५५ सालीं लीड्स येथें बांधलेलें एंजिन १९०९ सालीं निवृत्त झालें होतें. १९९७ सालीं तें पुन्हा धांवतें केलें गेलें आणि पुढल्याच वर्षीं नियमित सेवेंतील जगांतील सर्वांत जुनें वाफेचें एंजिन म्हणून गिनेसच्या ग्रंथांत त्याची नोंद झाली. ज्यांनीं तें धुराचा लोट सोडीत जातांना पाहिलें, त्यांस खर्चाचा प्रश्न पडला नसेल. परंतु २०११ सालीं त्याचेच भाग चोरीस गेले, आणि पुन्हा दुरुस्तीस पेरांबूरच्या कारखान्यांत न्यावें लागलें. जीर्णोद्धार एकदां करून संपत नाहीं. तो दरवर्षीं करावा लागतो. जुनें दुरुस्त करण्यापेक्षां नवें करणें सोपें, हेंही नेहमीं खरें नाहीं. इंग्लंडांत एका नामशेष झालेल्या वर्गाचें टोर्नाडो नांवाचें एंजिन हौशी लोकांनीं वर्गण्या काढून अगदीं नवें बांधलें. १९९४ सालीं काम आरंभलें, २००८ सालीं तें चालूं लागलें, आणि खर्च सुमारें तीस लक्ष पौंड आला. वेल्समधील तालिलिन रेल्वे तर १९५१ पासून स्वयंसेवकांनीं चालविली आहे. सुट्टीच्या दिवशीं शिक्षक, कारकून, दुकानदार येऊन रूळ दुरुस्त करतात. असा सार्वजनिक छंद आमच्याकडे अद्याप रुजलेला नाहीं, हें कबूल करणें भाग आहे. आमच्याकडे वर्गणी उत्सवास निघते, देखभालीस निघत नाहीं.

शकुंतलेचे अभिमानी दार्जिलिंग, निलगिरी व कालका-सिमला ह्या मार्गांचें उदाहरण देतात. ते मार्ग अनुक्रमें १९९९, २००५ व २००८ सालीं जागतिक वारसा ठरले. महाराष्ट्रांत १९०७ पासूनची माथेरानची गाडी आहे. आम्हांस हें उदाहरण पटत नाहीं. तेथें प्रवासी सुट्टी घालविण्यास व डोंगर पाहण्यास जातो, आणि त्यासाठीं अधिक पैसा देतो. शकुंतलेच्या वाटेवर डोंगर नाहींत. तूर, कपाशी, बाभळी आणि उन्हाळ्यांत धूळ आहे. तिचे प्रवासी म्हणजे बाजारास निघालेल्या बाया, मजूर, दवाखान्यास चाललेलीं म्हातारीं माणसें, एस.टी.चें भाडें परवडत नाहीं म्हणून ते चार चार तास गाडींत बसत. गाडी मधूनमधून बंद पडली कीं त्यांच्या मागणीनें ती पुन्हा सुरू करावी लागे. ह्या लोकांनीं तिच्यावर प्रेम केलें खरें, परंतु तिच्याकडून त्यांस हवें होतें तें स्वस्त भाडें व वेळेवर पोंचणें. २०१६ सालीं तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभु ह्यांनीं हे मार्ग रुंद मापाचे करण्यासाठीं १,५०० कोटी रुपयांच्या कामाची घोषणा केली, तेव्हां अचलपूर-यवतमाळकडे आनंद झाला तो ह्याच कारणानें. २०२० पर्यंत दोन्ही फांट्यांवरील गाड्या थांबल्या. ज्या मार्गासाठीं एवढें आंदोलन झालें, त्यावर आज गवत आहे.

येथें आम्हांस एक जुनी हकीकत आठवते. डिसेंबर १९६४ मध्यें मुंबईस आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल भारतांत आले. त्यांच्या फिरण्यासाठीं लिंकन कॉन्टिनेन्टल ही अमेरिकन बनावटीची पांढरी उघडी मोटार भेट म्हणून आली होती. निघतांना ती त्यांनीं मदर तेरेसांस दिली. मदर त्या गाडींत बसल्याही नाहींत. त्यांनीं तिची सोडत काढली आणि आलेला पैसा आसनसोलजवळील शांतिनगर ह्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लाविला. अमरावतीकरांस हें लगेच कळेल, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं तपोवनांत कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली, ती आपल्या डोळ्यांसमोरच आहे. त्या मोटारीस आज लिलावांत काय किंमत आली असती ह्याचा विचार मनांत येतोच. परंतु ती राखून ठेवावयास हवी होती असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

मग शकुंतलेचें काय? आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. कोणास न पटल्यास त्यांनीं रागावूं नये. १८९ किलोमीटरांचा मार्ग केवळ वारसा म्हणून अरुंद मापावर ठेवणें हें योग्य नव्हे. तो खर्च गरीब प्रवाशाच्या वेळांतून वसूल होईल. बार्शीची लाइन ह्याच मापाची, ह्याच पिढींतली. ती रुंद झाली, आणि आज लातूर-कुर्डुवाडीकडील कोणी जुन्या मापासाठीं रडत नाहीं. रुंदीकरण व्हावें, आणि घोषणा होऊन इतकीं वर्षें लोटल्यावर तरी तें जलद व्हावें. परंतु रुंदीकरणाच्या ठेकेदारास जुनें म्हणून जें जें दिसेल तें वजनावर विकलें जातें, आणि येथें आमचा विरोध आहे. एक गाडी, दोनतीन डबे, एक लहान स्टेशन त्याच्या खांबांसह व कांट्यांसह, आणि मूर्तिजापुरास जेथें दोन मापांचे रूळ शेजारी येत त्या फलाटाचा एक भाग, एवढें राखावें. एंजिन वाफेवर चालवूं नये; बॉयलरच्या एका दुरुस्तीच्या पैशांत शेंकडों चौरस फूट छप्पर होतें, आणि छपराखालचें उभें एंजिन उघड्यावरच्या धांवत्या एंजिनापेक्षां अधिक काळ टिकतें. रंगही नवा देऊं नये. गंज थांबवावा, तेल लावावें, जें आहे तें तसेंच दिसूं द्यावें. शाळेंतील मुलांस मँचेस्टरपासून दर्यापूरपर्यंतची कथा सांगण्यास तेवढें पुरें आहे.

ह्या मतांत एक दुबळेपणा आहे, तो लपवीत नाहीं. उभ्या एंजिनाकडे लोक हळूहळू पाहीनासे होतात. धांवतें एंजिन मुलाच्या कानांत बसतें, उभें एंजिन पाटीवरच्या अक्षरांत राहतें. कोणा हौशी मंडळास पैसा व हात दोन्ही मिळाले आणि त्यांनीं अर्धा किलोमीटर रूळ राखून वर्षांतून दोन दिवस तें चालविलें, तर आम्ही पहिले तिकीट काढूं. फक्त तो पैसा रुंदीकरणाच्या रकमेंतून किंवा एखाद्या दवाखान्याच्या निधींतून वळविलेला नसावा.

वाड्यांतील मोटारीची गोष्ट अपुरी राहिली. त्या मुलाकडे आम्ही पुन्हा गेलों तेव्हां त्यास सांगितलें कीं, गाडी नवी करण्याच्या नादीं लागूं नकोस, भंगारांतही देऊं नकोस. चाकें मातींतून वर काढ, खालीं विटा रच, वरतीं पत्रे घाल, वाळवीचें औषध मार, आणि गाडीचे कागद शोध. २०२१ पासून केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणी चालू केली आहे. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये लागतात व ती दहा वर्षें टिकते. परंतु मूळ स्वरूप बदललेलें चालत नाहीं, म्हणून कोणा मिस्त्रीच्या आग्रहावरून त्यांत आजच्या गाडीचें एंजिन बसवूं नकोस. मुलानें निमूटपणें ऐकून घेतलें. त्याच्या आजीनें मात्र आंतून एक कापडी पिशवी आणून दिली. तींत गाडीची जुनी किल्ली, पेट्रोलच्या पावत्या, आणि आजोबा कापसाच्या बाजाराच्या दिवशीं गाडीशेजारी उभे असल्याचा एक फोटो होता.

तो फोटो पाहिल्यावर आम्हांस सुचलें कीं, आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांकडेही शकुंतलेच्या काळचे कांहीं अवशेष असतील. फांट्यावर नोकरीस असलेल्या वडिलांची गार्डाची शिट्टी, हातकंदील, बिल्ला, ड्यूटीच्या वह्या, पास, सेवानिवृत्तीच्या दिवशींचा फोटो, ज्या कोणाकडे असें कांहीं असेल त्यांनीं तें फेंकूं नये. मूळ वस्तु आपल्याच घरीं ठेवावी, आणि तिचा फोटो काढून, कोण, केव्हां, कोणत्या स्टेशनावर एवढें चार ओळींत लिहून, धर्मग्रामाच्या कार्यालयांत द्यावें.